टक्केवारी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढून पानाशेजारी ठेवलं, दोन मिनिटं त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि जिलबी वाढणाऱ्याला सांगितलं, "हॉलमध्ये 78 आहे, जिलबी मऊ पडणार," तर हा माणूस आमच्या बंड्याच्या पंथातला आहे असं खुशाल समजावं. असा एक जण तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाला फाउंटन पेनांचं वेड, कुणाला जुन्या रेडिओंचं. बंड्याला सिगारचं वेड आहे असं लोक समजतात, पण ते खरं नाही. बंड्याला वेड आहे हवेतल्या ओलाव्याचं. सिगार हे नुसतं निमित्त.

बंड्या 68 वर्षांचा आहे. कॉलेजच्या हॉस्टेलवर पडलेलं नाव निवृत्तीनंतरही सुटलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी सहकारनगरातल्या त्याच्या गच्चीवर आम्ही चौघं जमतो: बंड्या, डॉक्टर, कर्नल आणि मी. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, हॉटेलांची दारं बंद झाली आणि समोर पर्वती दिसणारी ही गच्ची आमचा क्लब झाली. गच्ची बंड्याच्या फ्लॅटला जोडलेली, त्यामुळे सोसायटीला परिपत्रकं काढण्यापलीकडे काही करता येत नाही. ती मात्र नेमानं निघतात.

आता तांत्रिक भाग. सिगार म्हणजे आत चुरगळलेली पानं, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर एक देखणं, तुकतुकीत पान. तिघांनाही पाणी लागतं. कोरडी पडली की वरचं पान तडकतं आणि सिगार उदबत्तीसारखी भराभर जळते. ओली झाली की ओढून ओढून गाल बसतात. म्हणून ती 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवायची. पुण्यात एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि जुलैमध्ये चपलांना बुरशी येते, म्हणजे हा आकडा निसर्गाला मान्य नाही. त्यासाठी खास लाकडी पेटी लागते. तिचं लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणून विकतात. ते स्पॅनिशही नाही आणि देवदारही नाही, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, हे बंड्यानं मला गेल्या पंधरा वर्षांत किमान साठ वेळा सांगितलंय.

पेटीत ओलावा देणाऱ्या डबीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. नळाच्या पाण्यातले क्षार साठतात. हे पाणी बंड्या गाड्यांच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानातून आणतो. दुकानदार पहिल्यांदा विचारता झाला, "काका, इन्व्हर्टर कितीचा?" तेव्हा बंड्या म्हणाला, "24 सिगारचा." तेव्हापासून तो काही विचारत नाही, बाटली पुढे करतो.

यंत्र खरं बोलतंय की नाही याचीही परीक्षा असते. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, थेंबभर पाण्यानं ते लापशीसारखं करायचं आणि यंत्रासकट पिशवीत रात्रभर बंद ठेवायचं. सकाळी बरोबर 75 दिसलं पाहिजे. बंड्या ही परीक्षा दर महिन्याला घेतो. वहिनी म्हणतात, मुलांच्या दहावीला हा माणूस इतका जागा नव्हता.

वहिनींबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. तंबाखूच्या पानात एक बारीक किडा अंडी घालतो. ऊब मिळाली की ती फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. उपाय एकच, पुड्या बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये. एका चैत्रात बंड्यानं ऐन हळदीकुंकवाच्या आठवड्यात फ्रीझर ताब्यात घेतला. आलेल्या बायकांना आइस्क्रीम मिळालं नाही. "फ्रीझरमध्ये क्यूबाचे पाहुणे उतरलेत," असं वहिनींनी प्रत्येकीला शांतपणे सांगितलं.

एका ऑगस्टमध्ये तर सिगारवर पांढरी पूड दिसली. बंड्या हरखला. म्हणाला, हा मोहोर आहे, उत्तम मुरलेल्या सिगारलाच येतो. डॉक्टर म्हणाला, बुरशी. भिंग आलं, टॉर्च आला, दीड तास वाद चालला, कर्नल झोपला. शेवटी वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, पेटीत एक नजर टाकून म्हणाल्या, "कैरीच्या लोणच्यावर येते तीच आहे," आणि गेल्या. बंड्यानं त्या सगळ्या सिगार एकेक करून पुसल्या. त्या शनिवारी तो टक्क्यांबद्दल अवाक्षर बोलला नाही.

एरवी बोलतो. देवगडच्या आंब्याची पेटी आली की आधी यंत्र आत जातं, मग हात. जेम्स बाँडचा सिनेमा बघताना त्याला चिंता पडते ती खलनायकाच्या तळघरातल्या हवेची. केनेडींच्या किश्शातही तेच. 1962 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. सही करण्याआधी त्यांनी आपल्या प्रेस सेक्रेटरीला पाठवून 1200 क्यूबन सिगार आणवून घेतल्या. हा किस्सा सगळ्या जगातले सिगारवाले सांगतात. बंड्या सांगतो तेव्हा सिगार दर वर्षी वाढतात, सध्या पाच हजारांवर आहेत. पण गोष्टीतला राजकीय दुटप्पीपणा त्याला दिसतच नाही. त्याचा प्रश्न एकच: "एवढ्या ठेवल्या कुठे रे? व्हाइट हाउसमध्ये किती असेल?"

आमच्या तिघांच्या सिगारही त्याच्याच पेटीत असतात, कारण आमच्या घरी त्यांना थारा नाही. कुणाचा भाचा दुबईहून येताना कस्टमच्या नियमात बसणाऱ्या 25 आणतो, त्या आम्ही बंड्याकडे ठेव म्हणून देतो. इथे बंड्याचा दुसरा टक्का सुरू होतो. दहा ठेवल्या की महिन्याभरानं नऊ निघतात. विचारलं तर म्हणतो, "एक तपासायला लागते ना. मुरली की नाही कळणार कसं?" महापालिकेतल्या ठेक्यांची टक्केवारी पेपरात छापून येते, बंड्याची कधी आली नाही, एवढाच फरक.

ओलाव्याच्या या वेडाचं मूळ कुठे आहे ते मला फार उशिरा कळलं. एकदा रात्री वीज गेली, गच्चीवर फक्त चार निखारे दिसत होते, आणि बंड्या निपाणीबद्दल बोलायला लागला. आजोबांची तिथे तंबाखूची वखार होती. वाळलेलं पान दुपारी हाताळलं तर त्याचा भुगा होतो, पहाटेच्या दवात ते मऊ पडतं. म्हणून आजोबा याला पहाटे अंधारात उठवून न्यायचे. ते पान मुठीत धरून कानाशी नेत आणि हलकेच दाबत. आवाज आला की म्हणत, "बोलतंय, थांबा." आवाज आला नाही की काम सुरू. पुढे वखार गेली, बंड्या इंजिनिअर झाला. वीज आली तेव्हा तो गप्प झाला आणि लगेच यंत्राकडे बघून म्हणाला, "61. बघ, पंखा बंद होता तरी."

सिगारवाले एक वाक्य हमखास बोलतात: "आम्ही धूर आत घेत नाही." हे वाक्य आमच्यातला डॉक्टर सगळ्यात ठासून म्हणतो, आणि ते किती पोकळ आहे हे सगळ्यात चांगलं त्यालाच ठाऊक आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग धूर गिळला की नाही ते विचारत बसत नाही. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला. चार दिवस ऑक्सिजनवर होतो. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "काही ओढता?" मी म्हटलं, "शनिवारी." ते म्हणाले, "आता कुठलाच वार नाही."

बंड्या रोज भेटायच्या वेळेला यायचा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. पलंगाच्या डोक्याशी ऑक्सिजनची बाटली असते, तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे निघत असतात, प्राणवायू ओला करण्यासाठी. बंड्या त्या बाटलीसमोर उभा राहिला. मग नर्सला विचारलं, "सिस्टर, पाणी डिस्टिल्ड आहे ना?"

"हो काका, डिस्टिल्डच घालतो."

"रोज बदलता?"

"रोज."

बंड्यानं खुर्ची ओढली आणि बसला. चौथ्या दिवसापर्यंत त्यानं मला तब्येतीबद्दल एक शब्द विचारला नाही. बाटलीला मात्र रोज विचारायचा.

घरी आल्यावर मी त्याला फोन केला. म्हटलं, "पेटीत माझ्या अकरा आहेत, वाटून टाका." तो म्हणाला, "ठेवीचं बँक बघेल. तू शनिवारी ये." मी म्हटलं, "येऊन करू काय?" तर म्हणाला, "वाचायला ये."

क्यूबात सिगारच्या कारखान्यात उंच आसनावर बसून एक माणूस कामगारांना वाचून दाखवतो. ही चाल 1865 पासूनची आहे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. 'माँटेक्रिस्टो' हे सिगारचं नाव अशा वाचनातूनच आलं म्हणतात. वाचणारा एकही सिगार वळत नसे, तरी त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून देत. बंड्यानं मला ती नोकरी दिली. पगार: चहा आणि वहिनींचा चिवडा. वारा बघून माझी खुर्ची दर वेळी वेगळ्या जागी ठेवली जाते. धूर पर्वतीकडे जातो, मी कात्रजकडे तोंड करून वाचतो. कर्नलला शिकारकथा लागतात, डॉक्टरला शेअर बाजार. परवा मी सोसायटीचं ताजं परिपत्रक वाचलं, "गच्चीवरून येणाऱ्या उग्र दर्पाबाबत". बंड्यानं मध्येच थांबवून विचारलं, "टक्के दिलेत का त्यात?"

वाचून झाल्यावर त्यानं पेटी उघडली आणि माझा कप्पा बाहेर काढून मांडीवर ठेवला. कप्प्यावर माझ्या नावाची चिठ्ठी होती. "वास घे," म्हणाला, "वासाला डॉक्टरनं बंदी केलेली नाही." मग एक सिगार उचलून माझ्या कानाशी धरली आणि हलकेच दाबली. आवाज आला नाही.

यंत्र 67 दाखवत होतं. पेटीत माझी ठेव पडून आता चौदा महिने झाले आहेत. मी मोजल्या. अकरा होत्या.