बॅकलिंक कशी पारखावी : एक शास्त्रोक्त पद्धत

दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. ती चांगली की वाईट हे ठरवण्यासाठी ती उघडून बघावी लागते, असा एक गैरसमज हौशी मंडळींत आहे. जाणकार ती कधीच उघडत नाहीत. ते एक्सेल उघडतात.

एक्सेलमधला पहिला रकाना डीएचा, म्हणजे डोमेन ऑथॉरिटीचा. हा 1 ते 100 मधला आकडा मॉझ नावाची कंपनी स्वतःच्या हिशोबाने काढते. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा असाच एक आकडा आहे, त्याला डीआर म्हणतात. हे आकडे आपण वापरत नाही, असं गूगलने अनेकदा सांगितलं आहे. पण गूगल नेमकं काय वापरतं ते गूगल सांगत नाही, आणि क्लायंटला दर महिन्याला काहीतरी वर गेलेलं दाखवावं तर लागतंच. तेव्हा डीए तिसाच्या वर असेल तर लिंक ‘उत्तम’, पन्नासच्या वर असेल तर ‘अतिउत्तम’, आणि बिल त्या प्रमाणात.

सरावासाठी दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणारा एक धंदा घेऊ. ठाण्यातले काका-काकू, भाजणीची चकली एक नंबर, वेबसाइट भाच्याने करून दिलेली. त्यांना आठवड्याला दोन-तीन मेल येतात. सुरुवात ‘डिअर वेबमास्टर’, शेवट ‘ऑफर ओन्ली टुडे’, सोबत साइटची यादी आणि प्रत्येकीचा भाव. नियम मोडून यातली एक साइट आपण उघडूच. मेनूत आरोग्य, क्रिप्टो, पाळीव प्राणी, कॅसिनो आणि गृहसजावट. सगळ्या लेखांचा लेखक एकच, त्याचं नाव ‘अ‍ॅडमिन’. दातांच्या इम्प्लांटवर एक लेख, त्याखाली ऑनलाइन रमी, त्याखाली ‘चकली खाण्याचे सात आरोग्यदायी फायदे’. संपर्काचं पान सापडत नाही, ‘राइट फॉर अस’ मात्र ठळक अक्षरांत आहे. वेबॅक मशीनमध्ये याच पत्त्याचं जुनं पान काढलं, तर ही जागा मुळात परदेशातल्या कुठल्याशा गावातल्या चर्चच्या गायकवृंदाची निघते. त्यांनी डोमेनचे पैसे भरले नाहीत, कोणीतरी ते लिलावात उचललं, आणि आता गायकवृंदाच्या पुण्याईवर चकली विकायची आहे.

शीटमध्ये याला ‘एज्ड डोमेन’ म्हणतात आणि त्याचे जादा पैसे पडतात. मार्च 2024 मध्ये गूगलने हा प्रकार नाव घेऊन स्पॅमच्या यादीत टाकला. भाव उतरल्याचं अजून ऐकिवात नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये शिकत होते तेव्हा. त्यांच्या सर्च इंजिनाचं पहिलं नाव बॅकरब. कल्पना अशी की लिंक म्हणजे मत, आणि ज्या पानाला स्वतःला भरपूर मतं, त्याचं मत जास्त वजनाचं. यालाच पेजरँक म्हणाले. 1998 मध्ये गूगल कंपनी निघाली आणि मतं मोजली जातात हे जगाला कळलं. त्यानंतर मतांचं काय होतं, हे आपल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

आता अँकर टेक्स्ट. ज्या शब्दांवर क्लिक करायचं ते शब्द. शास्त्र असं सांगतं की लिंक ‘बेस्ट दिवाळी फराळ ऑनलाइन’ या शब्दांवरच हवी, आणि शंभर साइटवर असेल तर शंभरही ठिकाणी हेच शब्द हवेत, स्वल्पविरामासकट. शंभर अनोळखी माणसांना एकाच वेळी तेच चार शब्द सुचले, यात संशय घेण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीसाठी कोणीतरी हीच पद्धत वापरली होती. कपड्यांशी, गालिच्यांशी काडीचा संबंध नसलेल्या पानांवर ‘ब्लॅक ड्रेसेस’सारख्या शब्दांच्या लिंका पेरलेल्या होत्या. दुकान सर्चमध्ये महिनोन्‌महिने पहिलं. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं, त्याआधीच गूगलने हात फिरवला होता, आणि सॅमसोनाइटच्या बॅगांच्या एका सर्चमध्ये जेसी पेनी दोन तासांत पहिल्या नंबरावरून एकाहत्तराव्यावर. आपल्याला याची कल्पनाच नव्हती, असं कंपनीने सांगितलं. हे वाक्य प्रत्येक क्लायंटने पाठ करून ठेवावं.

नियम सगळ्यांना सारखे आहेत, याचाही दाखला आहे. जानेवारी 2012 मध्ये क्रोमच्या जाहिरातीसाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात अशी एक लिंक सापडली, तेव्हा गूगलने क्रोमचं स्वतःचं पान किमान 60 दिवसांसाठी खाली ढकललं.

नोफॉलो हा रकाना झटपट उरकावा. 2005 पासून लिंकेला ही खूण लावता येते. ‘मी याचा उल्लेख केला, पण जामीन राहत नाही’ असा तिचा अर्थ. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या लिंकांना ती असते. उद्या एखाद्या मोठ्या दैनिकाने काकूंच्या चकलीवर अर्धं पान छापलं, त्या दिवशी भाजणी संपली, आणि लिंक नोफॉलो निघाली, तर शीटमध्ये ‘निरुपयोगी’ लिहून पुढे जावं.

मग येतात ‘टॉक्सिक’, म्हणजे साइटला बाधणाऱ्या, लिंका. एप्रिल 2012 मध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट आलं, विकतच्या लिंकावाले आपटले, आणि ऑक्टोबरमध्ये डिसअवाउ हे साधन आलं : साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक नाव लिहायचं, की ‘यांचा आमचा संबंध नाही’. 2016 पासून पेंग्विन अशा लिंका बहुतेक वेळा नुसत्याच दुर्लक्षित करतो, आणि बहुतेक साइटना या फाइलची गरज नाही असं गूगलच म्हणतं. त्यामुळे फाइल बनवण्याचं पॅकेज विकणं थांबवावं असं मात्र नाही. गेल्या वर्षी विकलेली यादीच कामाला येते, टायपिंगही वाचतं.

शेवटी एक अवघड केस. न्यू जर्सीतल्या एक बाई स्वतःच्या पानावर लिहितात की ठाण्याहून मागवलेल्या चकल्या निम्म्या तुटून आल्या, पण अशी खमंग भाजणी इकडे मिळत नाही, ‘इथे’ मागवा. डीए 4. अँकर टेक्स्ट ‘इथे’. लिंक मजकुराच्या मधोमध, आजूबाजूला कॅसिनो नाही, बाईंना कोणी पैसे दिलेले नाहीत. अ‍ॅनालिटिक्समध्ये या एका पानावरून माणसं येतात, थांबतात आणि दोन-दोन किलोची ऑर्डर टाकतात. गूगल उद्या बंद पडलं तरी ही लिंक तिथेच राहील आणि तेवढीच चालेल. शीटमध्ये अशा लिंकेसाठी रकानाच नाही. तिला लाल रंग द्यावा, शेरा लिहावा ‘डीए कमी, कीवर्ड नाही’, आणि बाईंना एक नम्र मेल टाकावी : डिअर वेबमास्टर, कृपया ‘इथे’ हा शब्द काढून ‘बेस्ट दिवाळी फराळ ऑनलाइन’ असं करता येईल का? तुटलेल्या चकल्यांचा उल्लेखही काढला तर बरं.