कुरत्तीचा तास

तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे. साल 1803, हुकूम तिथल्या सरफोजीराजांचा. त्यात कोणाला किती थोर ठरवलंय यावर वाद घालायचा तर खुशाल घाला, पण दगडाला स्टिकर चिकटत नाही. पाठ्यपुस्तकाला चिकटतो.

2011 ची गोष्ट. तमिळनाडूत शाळांच्या चार चुली होत्या: स्टेट बोर्ड, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन आणि ओरिएंटल. करुणानिधींच्या सरकारने कायदा करून सगळ्यांना एकच अभ्यासक्रम द्यायचं ठरवलं. नाव ‘समच्चीर कल्वी’, म्हणजे समान शिक्षण. 2010 मध्ये पहिली आणि सहावीला तो लागला, बाकीच्या वर्गांची पाळी पुढच्या जूनमध्ये होती. पुस्तकंही छापून झाली. तेवढ्यात मे महिन्यात सरकार बदललं, जयललिता आल्या आणि अभ्यासक्रम दर्जेदार नसल्याचा साक्षात्कार झाला. 15 जूनला शाळा उघडल्या तेव्हा पुस्तकं गोदामात होती आणि अभ्यासक्रम कोर्टात. सर्वोच्च न्यायालयाने ‘दहा दिवसांत लागू करा’ म्हणून सांगितलं ते 9 ऑगस्टला. तोवर दहावीच्या मास्तरांनी काय शिकवायचं? खडू होता, घसा होता. शिकवा.

मग पुस्तकं आली ती मलमपट्टी करूनच. करुणानिधींची कविता वगैरे होती तिथे कुठे स्टिकर, कुठे काळी शाई. चौदा वर्षांच्या पोराला स्टिकर दाखवायचा आणि ‘सोलू नकोस’ म्हणायचं! त्या वर्षी एवढा एक मजकूर तरी मुलांनी आपण होऊन वाचला असेल, अशी मला दाट शंका आहे.

अभ्यासक्रम ‘राबवणं’ हा शब्द आपल्याकडे फार चोख आहे. राबवणारे चेन्नईत, राबणारे तंजावरात. (मुंबई आणि परभणी असंही वाचायला हरकत नाही.)

आणि राबणाऱ्यांनीही साधेपणाचा आव आणू नये. कित्येक शाळांनी अकरावीचं पुस्तक कपाटातच ठेवून थेट बारावी सुरू करायची वहिवाट पाडली होती. दोन वर्षं एकच पुस्तक घोटलं की मार्क का पडणार नाहीत? हे थांबवायला सरकारने 2017-18 पासून अकरावीलाही बोर्डाची परीक्षा लावली. परीक्षेपायी शिकवणं सुटलं, तर आणखी एक परीक्षा! 2025 मध्ये तीही रद्द झाली. कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते मास्तरांना अजून आठवत असेलच.

आता सरफोजीराजांकडे परत येऊ, कारण अभ्यासक्रम वर्गात कसा उतरवायचा हे त्या माणसाला कळत होतं. 1805 च्या सुमारास त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा अजून पेशवाई होती आणि छापखाना नव्हता. त्यांच्या शाळेचं नाव ‘नवविद्या’. पण खरी गंमत ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती येते, नायिकेचा हात बघते आणि भविष्य सांगते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. खंड, देश, सगळं गाण्यातून! राजा स्वतः धडा लिहितो, आणि शिकवायला बाई नेमतो ती भविष्य सांगणारी. ना समिती, ना परिपत्रक, ना प्रशिक्षणाचा चहा-बिस्किट.

दोनशे वर्षं झाली. 2018 पासून नवी पुस्तकं आली, चकचकीत, पानोपानी क्यूआर कोड असलेली. मुलांना शाळेत मोबाइल आणायला बंदी. कुरत्ती मात्र अजून नोकरीत आहे, फक्त तिने भूगोल सोडून मूळचा धंदा परत धरलाय. जानेवारी उजाडला की वर्गातून एकच हाक येते, ‘सार, इम्पॉर्टंट?’ आणि सार पुस्तक मिटून, डोळे बारीक करून सांगू लागतात: दुसऱ्या धड्याचा शेवटचा प्रश्न नक्की, पाचवा धडा सोडलात तरी चालेल, नकाशा येणारच. आपल्याकडे यालाच ‘अपेक्षित’ म्हणतात आणि नवनीत घेतात, तिकडे कोनार नोट्स घेतात.

कुरत्तीचं भविष्य चुकलं तर ती डोंगरात निघून जायची. सारांचं चुकलं की निकालाची टक्केवारी घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांसमोर खुलासा द्यायला जावं लागतं. तो खुलासा कसा लिहायचा, याचंही प्रशिक्षण पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात येईल म्हणतात. स्टिकरसाठी जागा सोडलेली असेल.