नळदुरुस्तीचा भाव काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्लंबरला फोनवर "किती घ्याल?" असे विचारू नये. "बघून सांगतो" हे त्याचे उत्तर प्रामाणिक असते. त्यात कावा आहे असे समजून जे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लंबरला तोच प्रश्न विचारतात, त्यांना तेच उत्तर तीनदा मिळते आणि तोवर बाथरूममधले पाणी हॉलमध्ये येते. भाव कसा ठरतो हे एकदा समजून घेतले की फोन अर्ध्या मिनिटात उरकतो. सदर मार्गदर्शिका पुणेकर गृहस्थाला समोर ठेवून लिहिली आहे. मुंबई-कोकणच्या वाचकांची सोय पुढे केली आहे.

सर्वप्रथम, दुरुस्ती मुळात परवडते का ते पाहावे. नळातून सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. सलाईनच्या नळीला २० थेंबांचा एक मिलीलिटर धरतात. तेच प्रमाण इथे लावले तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडे वर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर दीड हजाराला पडत असेल, तर लिटरला १५ पैसे. म्हणजे गळका नळ रोज ६५ पैसे खातो. प्लंबर जिना चढून येण्याचे आणि वायसर बदलण्याचे मिळून ३०० रुपये घेतो. ते वसूल व्हायला सव्वा वर्ष लागते. महापालिकेचे पाणी असेल आणि पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच जात असेल, तर ते कधीच वसूल होत नाहीत. सबब, अर्थशास्त्राच्या दृष्टीने नळाखाली बादली ठेवावी. पुष्कळ घरांत हा निर्णय आजोबांच्या काळातच झालेला असून बादलीही तीच आहे.

मात्र हे गणित भिंतीबाहेर गळणाऱ्या नळालाच लागू पडते. भिंतीच्या आत गळू लागले की हिशोब रुपयांतून निघून शेजाऱ्यांत जातो. खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी "जरा वर येऊ का?" म्हणतात आणि चहा न घेता मोबाइलमधले छताचे फोटो दाखवतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या माथी, तर संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती सभासदाच्या. डाग एकच असला तरी तो बाहेरून आला की आतून, यावर सर्वसाधारण सभेत एक अख्खा रविवार जातो. त्या रविवारची मजुरी कोणी धरत नाही, म्हणून इथे फक्त नोंद करून ठेवतो.

आता भाव. वायसर पाच-दहा रुपयांचा, टेफ्लॉन टेपची गुंडाळी वीसेक रुपयांची. मालाच्या पावतीवरून भाव काढू पाहणारा माणूस कायम दुःखी राहतो, कारण भाव मालाचा नसतो. तो भिंतीमागे काय आहे याचा असतो, आणि भिंतीमागे काय आहे ते तुमच्या पत्त्यावर ठरते.

पत्ता पेठेतला किंवा सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीतला असेल, तर पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. एव्हाना जस्त गेलेले असते, लोखंड जायच्या वाटेवर असते आणि अर्ध्या इंची पाइपात गंज बसून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असते. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो. जाणता प्लंबर पाना लावण्याआधी त्याच्या दांड्याने पाइपावर हलकेच ठोकतो, कान देतो आणि पोऱ्याकडे बघतो. पोऱ्या मान हलवतो. एवढ्यात तुमचे पाचशे रुपये वाढलेले असतात. आमच्या मते ते वाजवी आहेत. नळ फिरवताना त्याच्याबरोबर भिंतीतला एल्बो फिरला आणि आटे आतच तुटले, तर तीनशेचे काम तीन हजारांवर जाते. मग "तुटलं तर माझी जबाबदारी नाही" हे तो तुटण्याआधी म्हणाला होता की नंतर, यावर पुढचा तास जातो. सुज्ञ गृहस्थाने हे वाक्य त्याच्याकडून आधीच वदवून घ्यावे.

पत्ता नव्या उपनगरातला असेल तर पाइप प्लास्टिकचा, गंजायचा प्रश्नच नाही. इथे पाणी आडवे येते. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. उंड्री, पिसोळी, वाघोली, सूस, महाळुंगे ही त्यांतलीच. गावे कागदोपत्री आली, पण पाणी बऱ्याच सोसायट्यांत अजून टँकरनेच येते आणि ते बहुधा बोअरचे, खडकातून झिरपलेले, जड. पिण्याच्या पाण्यातला कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. टँकरवाल्याने ते मानक वाचलेले नसते. असे पाणी तापवले की त्यातला क्षार सुटा होऊन गिझरच्या कॉइलवर थर धरतो. वर्षाकाठी गिझर उघडून तो खरवडावा लागतो आणि त्याचे पैसे प्लंबिंगच्या खात्यावर टाकायचे की पाण्याच्या, हे ज्याने त्याने ठरवावे. या भागातला प्लंबर आला की आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून तळहातावर आपटतो. पांढरे खडे पडतात. "टँकर?" एवढे एकच तो विचारतो. गृहस्थाने नुसते "हो" म्हणावे. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची माहिती इथून पुढे सुरू होते, ती ऐकून घ्यावी, यंत्र घेऊ नये.

याच भागात नळ देखणे असतात. जुन्या पितळी नळाला वायसर लागे आणि तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळे. नव्या एका दांडीच्या मिक्सरमध्ये कार्ट्रिज असते. त्यात चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि मधे क्षाराचा कण गेला की त्यांवर ओरखडा पडतो. कार्ट्रिज त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे लागते. दुकानदार ते हातात घेऊन उलटेसुलटे करतो आणि "हे बंद झालं" म्हणतो. अशा रीतीने नळाची दुरुस्ती नव्या नळात, नवा नळ नव्या भोकांत आणि भोके नव्या फरशीत परिणत होतात. नळ जितका सुंदर, तितकी त्याची दुरुस्ती म्हणजे खरेदी, हे सूत्र घर सजवताना कोणी सांगत नाही.

मजल्याचाही भाव असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो. टाकी गच्चीवर असल्यामुळे सगळ्यात वरच्या मजल्याला शॉवर म्हणजे नुसते शिंतोडे मिळतात आणि त्याला प्रेशर पंप घ्यावा लागतो. वीस मजली इमारतीत तेच पाणी पहिल्या मजल्यावर सहा किलोच्या आसपास दाबाने उतरू पाहते. मधे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह नीट नसतील तर कनेक्शन पाइप मध्यरात्री सुटतो. मधल्या मजल्यांना प्लंबर फारसा लागत नाही. बिल्डर त्यांचे वेगळे पैसे अजून घेत नाहीत, हे आश्चर्यच.

वाराही पाहावा. देखभालीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, ही बातमी पुणेकर पंचांगासारखी वाचतो. त्यात एक गोष्ट छापलेली नसते. रिकाम्या पाइपांतून पाणी परत येते ते हवा, गंज आणि गाळ पुढे ढकलत येते. फ्लशची टाकी अडकते, जाळ्या तुंबतात, बॉल कॉक उघडाच राहतो आणि गच्चीवरून धबधबा सुरू होतो. म्हणून शुक्रवारी प्लंबरला बोलावू नये. त्या दिवशी त्याचा फोन लागत नाही आणि लागला तर भाव लागत नाही.

आता सगळ्यात महागड्या वस्तूकडे येऊ: न फिरणारा मेन कॉक. प्रत्येक घराला पाणी बंद करण्याचा कॉक असतो असे पुस्तकात लिहिलेले आहे. जुन्या इमारतीत तो असलाच तर डक्टमध्ये, कबुतरांच्या मागे असतो आणि कोणत्या घराचा कोणता हे फक्त जुन्या वॉचमनला ठाऊक असते, जो गावी गेला आहे. कॉक सापडला तर तो बसवल्यापासून कोणी फिरवलेला नसतो, आणि फिरवला तर हातात येतो. मग पाच रुपयांच्या वायसरसाठी अख्ख्या विंगचे पाणी बंद करावे लागते. ग्रुपवर "११ ते १२ पाणी बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व" असा मेसेज जातो, त्यावर तीन अंगठे आणि एक "आधी सांगायला हवे होते" येते. बाराला दहा मिनिटे कमी असताना अंगाला साबण लावलेला एक सभासद इंटरकॉमवरून काम कुठवर आले ते विचारतो. या दडपणाखाली काम करण्याचे पैसे प्लंबर घेतो आणि ते घ्यावेत. सहा महिन्यांतून एकदा घरातले सगळे कॉक फिरवून पाहणे हा फुकटातला उपाय आहे. करत कोणीच नाही.

फोडाफोडी निघालीच तर फरशी लागते आणि तुमची फरशी बाजारात मिळत नाही. मिळाली तर बॅच वेगळी, म्हणून शेड वेगळी. माळ्यावर उरलेल्या चार फरश्या जपून ठेवणाऱ्या माणसाची घरात वर्षानुवर्षे चेष्टा होते. गळतीच्या दिवशी तो घराचा कर्ता ठरतो. फरश्या नसतील तर भिंतीवरून उघडा पाइप टाकणे हा निम्म्याहून स्वस्त आणि पुढच्या दुरुस्तीला सोयीचा मार्ग आहे. प्लंबर तो सुचवतो, गृहस्थ मान डोलवतो आणि आतून "अजिबात नाही" असा आवाज येतो. त्यात पुन्हा सोसायटीचा नियम: ठोकाठोक सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६. प्लंबर आणि बिगारी मिळून दिवसाचे दीड-दोन हजार होतात. ब्रेकर मधले तीन तास गप्प बसल्यामुळे एका दिवसाचे काम दोन दिवसांवर गेले, तर दुसऱ्या दिवसाचे पैसे शेजाऱ्यांच्या वामकुक्षीच्या नावे मांडावेत.

माणसांची उपलब्धता हे स्वतंत्र शास्त्र आहे. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याने देशभरच्या शहरांना प्लंबर पुरवले आहेत. तिथे पट्टामुंडईला खास प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. जूनच्या मध्यात तिकडे रज हा तीन दिवसांचा सण असतो आणि त्याच सुमारास इकडे पहिल्या पावसाने गच्चीचे पाइप तुंबतात. आपल्याकडचा प्लंबर गणपतीत गावी जातो आणि दिवाळीआधी रंगकामवाल्यांच्या मागे असतो. गौरी जेवायच्या दिवशी सिंक तुंबले तर भाव विचारू नये, पैसे काढून ठेवावेत.

कोकणात पाइप चिऱ्याच्या भिंतीवरून उघडेच जातात, त्यामुळे फोडाफोड नाही आणि मजुरी कमी. पण प्लंबर तालुक्याहून मोटरसायकलवर येतो. एक सॉकेट कमी पडला की तो आणायला जातो आणि दुसऱ्या दिवशी उगवतो. खारी हवा लोखंड खाते आणि प्लास्टिक वानर मोडतात. वानर परत येणारच, तेव्हा एल्बो दोन जास्त घ्यावेत. मुंबईत उंच इमारतीच्या बाहेरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप बदलायचा असेल तर माणूस दोरीला लटकून काम करतो. तिथे घासाघीस करणाऱ्याने आधी खिडकीतून एकदा खाली पाहावे.

प्लंबर घरात शिरला की पहिले वाक्य ठरलेले असते: "हे कुणी केलंय काम?" उत्तर देऊ नये. कोणाचेही नाव सांगितले तरी त्याला काही कळत नाही असेच निघते, आणि कधी कधी ते काम त्याचेच निघते. मग तो "तेव्हा मालच तसला आणून दिला होता" म्हणतो आणि माल आणणारे आपणच असतो.

काम संपत आले की गृहस्थाने आपले हुकमी अस्त्र काढावे: "आलाच आहात तर तेवढं बेसिनखालचंही बघा ना." येण्याजाण्याचा खर्च दोन कामांत वाटला जातो हा त्यामागचा हिशोब. बेसिनखालचे झाले की बाल्कनीतला नळ, मग वॉशिंग मशिनचा पाइप. प्लंबर हे सगळे हसतमुखाने बघतो. बघण्याचे तो पैसे घेत नाही. हात लावण्याचे घेतो, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असतात हे शेवटी एकदम सांगतो.

पैसे दिल्यावर नंबर नीट नाव घालून ठेवावा. "प्लंबर", "प्लंबर नवीन", "प्लंबर नवीन २", "प्लंबर महाग पण येतो" अशी उतरंड बहुतेक फोनांत सापडते आणि मे महिन्यात शेवटच्यालाच फोन जातो. त्याच्याही फोनमध्ये आपण असतो. रिंग वाजल्यावर त्याच्या स्क्रीनवर आपले नाव "बी विंग तिसरा मजला, पाणी पण विचारत नाही" असे उमटत असेल, तर "बघून सांगतो" म्हणण्याआधीच त्याने आकडा ठरवलेला असतो.