जुन्या फोर-व्हीलचा हिशेब मांडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

हिशेबाला बसण्याआधी उत्तर ठरवून घ्यावे. ‘गाडी ठेवायची’ एवढे पक्के झाले की उरते ती नुसती आकडेमोड, आणि ती कुणालाही जमते.

उदाहरणादाखल राजापूरकडचा एखादा आंबा बागायतदार घेऊ. दारात महिंद्राची एमएम 540, पोटात 2,112 सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन. बाग कातळावर, डांबरी रस्ता पऱ्याच्या पलीकडे. गाडी वर्षाला 12,000 किलोमीटर धावते आणि लिटरला 10 किलोमीटर देते असे धरू. 90 रुपयांच्या भावाने डिझेलचे 1,08,000 रुपये झाले. लिटरला 14 देणाऱ्या नव्या पिकअपला तेवढ्याच धावण्याला 77,000 पुरतील. फरक 31,000.

इथे बायको वही ओढून घेण्याचा संभव असतो. बागायतदाराने घाबरू नये. शेजारी नव्या गाडीचा हप्ता लिहावा. 10 लाखांचे कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षे मुदत: महिना 21,247, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या वर. 31,000 एकदम केविलवाणे दिसू लागतात. पाच वर्षांनी कर्ज फिटून पिकअप दारात उरते, हा विषय काढू नये.

आता सरकारी रकाना. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. वीस वर्षांपुढच्या मोटारीला 2025 पासून त्याचे शुल्क 10,000 रुपये. पाचाने भागले की 2,000, म्हणजे किरकोळ. पर्यावरण कर आणि पीयूसी ‘इतर’मध्ये ढकलावेत. 1,500 सीसीपुढच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने 7,897 रुपये, जीएसटी वेगळा. खासगी नोंदणीच्या गाडीतून धंद्याचा माल नेताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. याला रकाना नाही, तेव्हा पान उलटावे.

खरे कौशल्य दुरुस्तीच्या खात्यात लागते. फोर-व्हीलचा दांडा वर्षातून फार तर चाळीस दिवस ओढला जातो, पण पुढचे डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, हब आणि शाफ्टचे क्रॉस 365 दिवस पोसावे लागतात. मध्ये डिफरन्शियल नसल्याने डांबरी वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, शाफ्टला पीळ बसतो आणि टायर झिजतात. म्हणून डांबर लागले की दांडा परत टाकायचा. घाईत तो विसरला जातो; मग बिलाला ‘रस्त्याचा दोष’ म्हणावे.

पऱ्या ओलांडला की दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरून डिफरन्शियलचा नट सैल करावा. काळपट तेल आले तर नशीब. दुधाच्या चहासारखे आले तर आत पाणी गेले. तेल बदलायचे, आणि चालढकल केली तर बेअरिंगही. हा खर्च ‘पावसाळा’ या नावाखाली छत्र्या, ताडपत्री यांच्यासोबत दाखवावा.

सगळ्यात महाग रकाना उभ्या दिवसांचा. एप्रिलअखेर पंप बसला आणि सुटा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरातून यायला आठ दिवस लागले, तर झाडावरचा हापूस तोवर थांबत नाही. भाड्याचा टेम्पो येतो, क्रेटमागे पैसे घेतो. ते ‘हंगामी वाहतूक’ म्हणून लिहिले की गाडीच्या खात्यावर डाग पडत नाही. शिवाय उभ्या गाडीने त्या आठ दिवसांत डिझेल वाचवलेले असते. तो आकडा जमेला धरावा.

सेल्फ कुरकुरत असेल तर गाडी रात्री उतारावर लावावी. पृथ्वी गुरुत्वाकर्षणाचे पैसे घेत नाही.

जुलैत शेजाऱ्याची नवी पिकअप पऱ्यात रुतते आणि 540 तिला दोराने ओढून काढते, त्या दिवशी वही अंगणात आणावी. ‘जेसीबीचे वाचलेले भाडे’ ठळक अक्षरात जमेला लिहावे, वाचले ते शेजाऱ्याचे असले तरी. ओढताना तुटलेला क्रॉस शेजारधर्माच्या खात्यात जातो.