सायकल लावायला ओळख लागते

सायकल चालवायला पाय लागतात, पण उमरीच्या बाजारात ती लावायला ओळख लागते. कुलूप आहे, साखळी आहे, स्टँडही धड आहे. तरी बाजाराच्या रस्त्याला लागलं की डोक्यात एकच प्रश्न, आज कुणाच्या दारात? किराणा दुकानवाला ओळखीचा, पण कालच त्याच्या पायरीशी लावली होती. औषधाच्या दुकानापुढं लावायची तर डोकेदुखीची एखादी गोळी तरी घ्यावी लागते. हॉटेलापुढं लावली की चहा आलाच. फुकटात सायकल लावायचा माझा महिन्याचा खर्च शेजाऱ्याच्या पेट्रोलच्या जवळपास जात असेल, आणि वर पित्त होतं ते वेगळं.

मोटारसायकलवाल्याला हे दुखणं नाही. तो येतो, गाडी लावतो, किल्ली बोटात फिरवत निघून जातो. त्याच जागी मी सायकल टेकवली की आतून आवाज येतो, "काका, हितं कामून लावलाव? गिऱ्हाइकाला आडवी यायली." मी ती हातभर सरकवतो. मग गिऱ्हाईक येतं, सायकल उचलून नालीच्या कडेला ठेवतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपली गाडी घालतं. सायकल एका हातानं उचलता येते, हाच तिचा गुन्हा. जे उचलता येत नाही त्याला कुणी हलवायला जात नाही. हे माणसांच्या बाबतीतही पाहिलंय, पण तो विषय वेगळा.

एके काळी सायकल ही इस्टेट होती. कित्येक नगरपालिका तिच्यावर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा कॅरियरवर दुसरा बसलेला दिसला की पोलीस खाली उतरवून चाकाची हवा सोडत. टॉकीजला सायकल स्टँड, स्टेशनला सायकल स्टँड. एक टोकन हँडलला लटकायचं, दुसरं आपल्या खिशात. सिनेमा वाईट निघाला तरी टोकन सांभाळावं लागे. स्टँडवाला माणसाच्या आधी त्याच्या सायकलीला ओळखायचा: "ती डायनॅमोवाली ना? तिकडं तिसऱ्या रांगेत." पुढं कर गेला, बिल्ला गेला. सगळ्यांना बरं वाटलं. पण कर घेणाऱ्याच्या वहीत निदान आपलं नाव तरी असतं. आता सायकलीचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्यामुळं तिच्या जागेचा हिशेब कुणी ठेवायचा?

तसं हे गाव भिडस्त म्हणून प्रसिद्ध नाही. जानेवारी 1948 मध्ये, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली निजामी राजवटीतली बँक लुटून लढ्याला पैसा उभा केला. त्याच गावात मी एका पायरीशी दोन चाकं टेकवायला "जरा पाच मिनिटं, हो" असं म्हणत उभा असतो.

माझं सोडा, मला आता घाई कशाची नसते. पण मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी सरकार पैसे देतं. फार चांगली योजना, मनापासून सांगतो. मात्र सायकल दिवसाचे दोन तास चालते आणि उरलेले बावीस उभी असते, हे योजनेच्या कागदावर कुठं दिसत नाही. शाळेला निदान आवार असतं. तिथं एप्रिलच्या उन्हात सीट अशी तापते की पोरी दप्तर खाली घालून बसतात. खरी गंमत शिकवणीच्या गल्लीत. सात फुटांची गल्ली, दोन्ही बाजूंनी सायकली. एकीचं हँडल दुसरीच्या ब्रेकच्या तारेत अडकतं, एक पडली की सगळी रांग आडवी. चोरी नको म्हणून चौघीजणी मिळून एकाच साखळीत चार सायकली बांधतात. हुशारीच आहे, पण जिच्याकडं किल्ली ती गणितात हळू असली की बाकीच्या तिघी अंधार पडेपर्यंत गल्लीत.

परदेशात सगळं सुखाचं आहे असंही नाही. लंडनमध्ये रस्त्याच्या कडेला सहा सायकलींची गोल छपराची पेटी ठेवतात. ती अर्ध्या मोटारीच्या जागेत मावते, आणि तिच्यात जागा मिळावी म्हणून लोक यादीत नाव घालून वाट बघतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टनं मात्र कमाल केली. तिथं स्टेशनाखाली तीन मजली सायकलतळ आहे. 2019 मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा त्यात 12,500 सायकलींची सोय होती. साडेबारा हजार! आमच्या स्टेशनावरून मुदखेडकडं नाहीतर धर्माबादकडं जाणाऱ्यांसाठी मला त्यातल्या पन्नास पुरे. मजले नकोत. जमिनीत रोवलेले, वाकवलेले लोखंडी पाइप आणि वर पत्रा.

हे मी एका कचेरीत लिहून दिलं. अर्ज घेणाऱ्यानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "पण तुमची नेमकी तक्रार कुणाबद्दल आहे?" मला सांगता येईना. त्यानं अर्ज 'इतर' लिहिलेल्या फायलीत घातला. खाली येऊन पाहतो तर कचेरीच्या आवारातली माझी सायकल कुणीतरी उचलून बाभळीखाली ठेवलेली, तीही काट्यांत. पंक्चर निघाले दोन.

मग वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्याचा बाप सायकलीच्या दुकानात होता, म्हणून त्याला कळवळा. "पाइप मी वाकवून देतो, काका. मजुरी घेत नाही. पण तुम्ही घरी जायच्या आत लोक त्याला शेळ्या बांधतील."

शेळ्यांना माझी हरकत नाही, असं मी त्याला सांगून ठेवलंय. चार शेळ्या नि दोन सायकली एका पाइपाला सहज राहतील. मोटारसायकल लागली तर मात्र मी दुसरा अर्ज करणार आहे, आणि तेव्हा तक्रार कुणाबद्दल हेही मला सांगता येईल.