एका सेकंदाची चार जीबी

चार जीबीची फाइल नुसती डोळ्यांसमोर असली, तरी आपण काहीतरी भव्य केलंय असं वाटतं. माझं सर्किट म्हणजे एलईडी दिव्याचा साधा कन्व्हर्टर. पण सिम्युलेशन सुरू झालं की लॅपटॉपचा पंखा शेजाऱ्यांना ऐकू गेला पाहिजे, हा माझा बाणा.

हिशेब सोपा आहे. स्विच सेकंदाला १ लाख वेळा उघडझाप करतो. दर वेळचे १०० बिंदू धरले तर १ कोटी बिंदू. प्रत्येक बिंदूला ५० आकडे, प्रत्येक आकड्याला ८ बाइट. झाले ४०० कोटी बाइट! मी वापरतो त्या आयआयटी मुंबईच्या ईसिम या सॉफ्टवेअरमागे एनजीस्पाइस हा सिम्युलेटर राबतो. त्याला काही सांगितलं नाही, तर तो झाडून सगळ्या नोडचे व्होल्टेज जपतो आणि आधी रॅममध्येच कोंबतो. 'डॉट सेव्ह'ची एक ओळ लिहून हवे तेवढेच सिग्नल ठेवता येतात. सुरुवातीचा धडपडीचा काळ गणितात धरून साठवणुकीतून वगळताही येतो. मला हे ठाऊक आहे. पण उद्या कुणी सतराव्या नोडबद्दल विचारलं तर? (अजून कुणी विचारलेलं नाही.)

माझे सासरे, म्हणजे मामा, सोलापूरच्या पूर्व भागात जकार्ड मागाचे पुठ्ठे पंच करायचे. सोलापुरी चादरीवरचा मोर म्हणजे त्यांच्या लेखी भोकांची रांग. भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा जागच्या जागी. बर्कलीत १९७३ साली एनजीस्पाइसचा पूर्वज स्पाइस जन्माला आला, तेव्हा तिथली सर्किटंही भोकांच्या कार्डांवरूनच संगणकात जायची. म्हणजे बर्कली आणि आमचा पूर्व भाग एकाच धंद्यात! हा सिद्धांत मी प्रत्येक लग्नात मांडतो. पंगतीत माझ्या शेजारची जागा हल्ली रिकामी असते.

मामांनी मात्र तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, आम्ही पुठ्ठे ठेवायचो, चादर विकायचो. तुम्ही चादरीच साठवताय होय?"

सर्किटची मूळ फाइल चार केबीची. ती असली की बाकी सगळं पुन्हा विणता येतं.

मामांचे पुठ्ठे मात्र राहिले नाहीत. कारखाना बंद पडला, पुठ्ठे घरी आले आणि दोन हिवाळे बंबात जळले. त्या पाण्यानं आम्ही सगळ्यांनीच अंघोळी केल्या. पुठ्ठ्यांची एक प्रत काढून ठेवावी असं घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नाही, आणि सगळ्यात जास्त शिकलेला मीच होतो. याचा राग अजून जात नाही.

परवा त्यांच्या हातच्या नक्षीची एक जुनी चादर सापडली. "उलट्या बाजूनंही फोटो काढा, वीण तिथं कळते," मामा म्हणाले. फोटो लॅपटॉपवर घेऊ लागलो, तर डिस्क भरलेली. शेवटी ती चार जीबीची फाइल पुसली.

"मोठी होती. काय होतं तिच्यात?" मामांनी विचारलं.

"एक सेकंद."

मामांनी आतल्या खोलीत बसलेल्या आपल्या मुलीकडे एकदा फार काळजीनं पाहिलं.