गणित सोडलेल्यांसाठी गणित: सहा सोप्या पायऱ्या

दहावीनंतर गणिताला हात जोडून वाणिज्य, मानसशास्त्र किंवा पत्रकारितेकडे वळलेल्या आणि पहिल्याच सत्रात पुन्हा गणिताच्या तासाला बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी.

1. क्ष धरा. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात संख्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. तुम्ही क्षच धरा. रंग तुमच्या चेहऱ्यावर आपोआप चढतील.

2. कंस उघडा. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे बिनधास्त लिहा. फक्त अ च्या जागी 3 आणि ब च्या जागी 4 ठेवून पाहू नका. डावीकडे 49 येतात, उजवीकडे 25. उरलेले 24 म्हणजे तुम्ही गिळलेले 2अब.

3. बाजू बदला. पद दुसऱ्या बाजूला गेले की चिन्ह बदलते, हे महाराष्ट्रात वेगळे समजवावे लागत नाही. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंतून तेच पद वजा केलेले असते, पण हे कोणी विचारत नाही.

4. छाटा. क्ष² = 5क्ष दिसताच दोन्हीकडचा क्ष उडवून 5 जाहीर करा. शून्य हेही उत्तर होते. वगळल्याची तक्रार शून्य करत नाही, परीक्षक करतात.

5. उंची मोजा. मनोऱ्याचा उन्नत कोन 45 अंश येईपर्यंत मागेपुढे सरका. मग डोळ्यांच्या पातळीपासूनची उंची पायथ्यापर्यंतच्या अंतराइतकीच. राधानाथ सिकदरांना ही सोय नव्हती. शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेले कोन, वातावरणातले वक्रीभवन आणि पृथ्वीची गोलाई सांभाळून एव्हरेस्टची उंची काढावी लागली. 1856 मध्ये ती 29,002 फूट म्हणून जाहीर झाली. तुमच्या पेपरात पृथ्वी सपाट आहे, आभार माना.

6. कॅल्क्युलेटर दाबा. जमिनीशी 30 अंशांचा कोन करणारी 10 मीटरची शिडी भिंतीवर 5 मीटर चढते. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर तीच सुमारे 9.88 मीटर जमिनीखाली उतरते. विहीर खोदायची असल्यास सेटिंग बदलू नका.

तळटीप: उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिले, कंसात साधे आकडे ठेवले, शिडी वर जाते की खाली एवढे विचारले, तर वरच्या बहुतेक चुका मिनिटात पकडल्या जातात. चौथी तेवढी निसटते. तिच्यासाठी भागण्याआधी भाजक शून्य तर नसेल ना, हे पाहावे. हा मजकूर तळाशी बारीक अक्षरात छापला आहे, कारण वर छापला असता तर सहा पायऱ्यांची गरजच उरली नसती.